आकडे ‘ऑल्टर’ केले म्हणून साहेब का चिडले?

पत्र

ताई, मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं, पण ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत. गेल्या महिन्यात तिमाही अहवालात एक नोंद दोनदा धरली गेल्याचं माझ्या लक्षात आलं. मी ती दुरुस्त केली, बेरजा पुन्हा जुळवल्या आणि साहेबांना मेल केला, ‘आय हॅव ऑल्टर्ड द फिगर्स इन द क्वार्टर्ली रिपोर्ट.’ दहा मिनिटांत फोन. ‘फिगर्स ऑल्टर करायला तुम्हाला सांगितलं कोणी? ऑडिटरने हा मेल पाहिला तर?’ मेलच्या सीसीत आणखी तिघं होते, त्यामुळे शोभा झाली ती वेगळीच. मी शब्दकोश काढून बसले. ऑल्टर म्हणजे बदलणे. चेंज म्हणजे बदलणे. मॉडिफायलाही बदलणे. मग माझं चुकलं कुठे? आमचे हे म्हणतात, साहेबांचंच इंग्रजी कच्चं आहे. हा शब्द नक्की कुठे वापरायचा, ते एकदा नीट सांगाल का? आणि सारवासारव करायला मी दुसरा मेल पाठवला, त्यात याच शब्दाचं स्पेलिंग चुकलं, असं एका सहकाऱ्याने हसत हसत कळवलं. ते काय प्रकरण आहे?

– आकड्यांत अडकलेली

उत्तर

साहेबांचं इंग्रजी कच्चं नाही, हे आधी घरी सांगून टाका. तुमचंही व्याकरण चुकलेलं नाही. वाक्यात काळ बरोबर, क्रियापद बरोबर, कर्म बरोबर. आणि तरीही ते वाक्य तुम्ही लिहायला नको होतं. अशी चूक शब्दकोशात सापडत नाही, म्हणून तुम्ही तिथे बसून राहिलात.

एक प्रयोग करा. तुमचं तेच वाक्य मराठीत असं म्हणून बघा : ‘साहेब, मी तिमाही अहवालातल्या आकड्यांत फेरफार केले आहेत.’ कसं वाटतं? दाराआड उभं राहून कोणी कुजबुजल्यासारखं. आता साहेबांचा फोन दहा मिनिटांनी का आला, याचं नवल वाटणार नाही. माझ्या मते दहा मिनिटं त्यांनी संयमच पाळला.

पण म्हणून ऑल्टर म्हणजे फेरफार असं वहीत लिहून ठेवू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी ‘विमानाने मार्गात फेरफार केला’ असं काहीतरी लिहाल. या शब्दाचा स्वभाव समजून घेतला तर तो कुठे निरुपद्रवी आहे आणि कुठे अंगाशी येतो, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

सुरुवात चेंजपासून करू, कारण खरा घोळ तिथे आहे. चेंज या शब्दाच्या पोटात दोन वेगळी कामं आहेत. एक, वस्तूच्या जागी दुसरी वस्तू आणणं. दोन, वस्तू तीच ठेवून तिच्यात काही वेगळं करणं. ऑल्टर यातलं फक्त दुसरं काम करतो. पहिलं काम तो कधीही, कोणत्याही परिस्थितीत करत नाही.

हे समजायला इंग्रजीत जायचीही गरज नाही, आपल्या मराठीने हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. ‘घर बदललं’ म्हणजे बिऱ्हाड हलवलं. ‘घरात बदल केले’ म्हणजे भिंत पाडली, खिडकी काढली, पण राहतो तिथेच. ‘डॉक्टर बदलले’ आणि ‘डॉक्टरांत बदल झाला’ यांतला फरक तर रुग्णाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. नोकरी बदलणं वेगळं, नोकरीत बदल होणं वेगळं. त्या एका ‘त’ने सगळं काम केलं आहे. वाक्य मनात मराठीत मांडून पाहा. ‘-त बदल करणे’ असं सहज तोंडात आलं, तर इंग्रजीत ऑल्टर चालण्याची शक्यता आहे. नुसतं ‘बदलणे’ आलं आणि त्याचा अर्थ ‘याच्या जागी ते’ असा असेल, तर ऑल्टरला हात लावू नका. गाडी बदलायची असते, नोटांचे सुटे करून घ्यायचे असतात, बाळाचं लंगोट बदलायचं असतं. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत चेंज म्हणतात. तिथे ऑल्टर म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो किंवा हसतो.

माझ्यावर हसून झालेलं आहे. भाषांतराच्या कामात नवी होते तेव्हाची गोष्ट. एका कार्यक्रमाला परदेशी पाहुण्यांबरोबर जायचं होतं. साडीवर चहा सांडला. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, ‘गिव्ह मी टेन मिनिट्स, आय विल ऑल्टर माय क्लोद्ज अँड कम.’ पाहुणे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, दहा मिनिटांत? तुमचा सुईवर फारच हात बसलेला दिसतोय! मला कळेपर्यंत ते जिना उतरून गेलेही होते.

कारण कपड्यांच्या बाबतीत ऑल्टरचा अर्थ अगदी पक्का आहे : तोच कपडा उसवून, कापून, पुन्हा शिवून अंगाबरोबर करणं. शिंप्याकडे आपणही ‘जरा अल्टर करून द्या’ म्हणतोच. आणि हा शब्द समजून घ्यायला शिंप्याच्या टेबलासारखी दुसरी जागा नाही. कुर्ता ढगळ झाला तर तो बाजूची शिवण उसवतो, खडूची खूण करतो, आतल्या अंगाने नवी टीप मारतो. हे सोपं काम. घट्ट झाला तर मात्र तो कुर्ता उलटा करून आधी आत बघतो, माया किती ठेवली आहे ते. शिवणीच्या आत दडवलेल्या त्या जादा कापडाला आपल्या शिंप्यांनी माया हा शब्द दिला, तो कोणाला सुचला देव जाणे. माया असेल तेवढंच सैल होणार. नसेल तर तो कपडा परत करतो आणि म्हणतो, यात काही होणार नाही, नवा शिवा. ऑल्टर करणं म्हणजे आहे त्या मालावर, आहे तेवढ्या मायेत काम करणं. नवा कुर्ता शिवला तर तो ऑल्टर नव्हे.

मुळातही हा शब्द ‘दुसरा’ याच अर्थाचा. लॅटिनमध्ये आल्टेर म्हणजे दोघांपैकी दुसरा, आणि त्यातला शेवटचा ‘तेर’ म्हणजे आपल्या संस्कृतातला ‘तर’ प्रत्यय. ‘इतर’मधला तर, ‘अन्यतर’मधला तर. तेव्हा हा शब्द अगदीच परका नाही, फार लांबचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. फ्रेंचच्या वाटेने तो १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. एखादी गोष्ट होती त्यापेक्षा ‘इतर’ करणं, एवढाच त्याचा जीव.

याच घरातले बाकीचे शब्द तुम्ही रोज वापरता. ऑल्टरनेट म्हणजे एक सोडून एक, आलटून-पालटून. (आलटून आणि ऑल्टर यांचा नाद जुळतो, पण तेवढंच. नातं लावायला जाऊ नका, मीही एकदा गेले होते.) ऑल्टर इगो म्हणजे दुसरा मी, म्हणजेच जिवलग मित्र. ऑल्टरकेशन म्हणजे शाब्दिक चकमक. एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने. आणि ॲडल्टरेट, म्हणजे भेसळ करणे, याचंही मूळ याच आल्टेरपाशी नेऊन जोडलं जातं. चांगल्या वस्तूत ‘दुसरं’ काहीतरी घातलं की झाली भेसळ. म्हणजे एकाच घरात जिवलग मित्रही आहे आणि भेसळवालाही. ऑल्टर या दोघांच्या मधोमध बसला आहे आणि तो कोणाची बाजू घेत नाही.

तुमचा घात इथेच झाला. ऑल्टर हा शब्द एवढंच सांगतो की वस्तू तीच आहे आणि तिच्यात काही वेगळं झालं आहे. ते चांगलं झालं की वाईट, चुकून झालं की मुद्दाम, विचारून केलं की न विचारता, यातलं तो अवाक्षरही बोलत नाही. करेक्ट म्हटलं की आधी चूक होती, हे आपोआप आलं. इम्प्रूव्ह म्हटलं की चांगलं झालं, असा दावा आला. रिव्हाइज म्हटलं की पुन्हा डोळ्यांखालून घातलं, हे आलं. हे सगळे शब्द तुमच्या बाजूने साक्ष देणारे. ऑल्टर साक्षीला उभा राहतो आणि गप्प बसतो.

हा गप्पपणा किती टोकाचा आहे, ते दाखवायला माझ्याकडे एक आवडता दाखला आहे. १७७६ सालचा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे की सरकार आपल्या मूळ हेतूंना घातक ठरू लागलं, तर ते ऑल्टर करण्याचा किंवा अबॉलिश करण्याचा, म्हणजे त्यात बदल करण्याचा किंवा ते मोडीतच काढण्याचा, लोकांना हक्क आहे. इथे ऑल्टर हा हक्क आहे. पुढे त्याच कागदावर इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची मोठी यादी येते. त्यात एक तक्रार अशी की आमच्या शासनव्यवस्थेचं स्वरूप मुळापासून ऑल्टर केलं जात आहे. इथे तेच क्रियापद गुन्हा झालं! लोकांनी केलं तर हक्क, राजाने केलं तर अन्याय. शब्द जिथल्या तिथे. फरक पडला तो कोणी केलं आणि कोणाच्या संमतीने केलं, यामुळे. आणि ते सांगण्याचं काम शब्दाने नाही, आजूबाजूच्या वाक्यांनी केलं. तुमच्या मेलमध्ये आजूबाजूला वाक्यच नव्हतं.

त्याच जोडीतून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ऑल्टर आणि अबॉलिश एकमेकांसमोर उभे केले आहेत. म्हणजे जे ऑल्टर होतं ते संपत नाही, उरतं.

आता अमेंडकडे बघा. लॅटिनमध्ये मेंडा म्हणजे दोष, व्यंग. तो काढून टाकणं ते अमेंड. कपडे-भांडी दुरुस्त करण्याचा मेंड हा शब्द त्याच्याच पोटचा. त्यामुळे कायद्यात, नियमांत, ठरावांत जे अधिकृत बदल होतात, त्यांना अमेंडमेंट म्हणतात, आणि आपणही त्याला ‘दुरुस्ती’च म्हणतो. अर्थात दोष काढला हा झाला दावा. अमेरिकेच्या संविधानातल्या, १९१९ साली मंजूर झालेल्या १८व्या दुरुस्तीने दारूबंदी आणली आणि १९३३ साली २१वी दुरुस्ती करून ती दुरुस्तीच काढून टाकावी लागली. दोन्ही वेळा शब्द अमेंडमेंटच. ऑल्टरमध्ये निदान हा आव नाही. पण ऑफिसात आव उपयोगी पडतो, काय करणार!

मग प्रश्न उरतो, ऑल्टर जर एवढा तटस्थ आहे, तर साहेबांना त्यात लबाडीचा वास का आला? कारण कर्म. ‘ऑल्टर काय केलं’ यावर या शब्दाचा रंग ठरतो. मार्ग, बेत, आहार, कोट, आवाजाची पट्टी, कामाच्या वेळा, यांच्यापुढे ऑल्टर लावा, कोणी वर मान करून बघणार नाही. पण चेक, सही, मृत्युपत्र, नोंदवही, पुरावा, गुणपत्रिका, तारीख, आकडे, यांच्यापुढे लावा आणि बघा. या सगळ्या अशा वस्तू आहेत की त्यांची किंमत ‘जशा होत्या तशाच असण्यात’ आहे. जिथे न बदलणं हाच गुण, तिथे नुसतं ‘बदल केला’ एवढं सांगून गप्प बसणारा माणूस संशयित दिसतो.

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला ही सवय फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६१४ साली पिगॉटचा खटला म्हणून ओळखलं जाणारं एक प्रकरण झालं. त्यातून असा नियम रूढ झाला की करारपत्र ज्याच्या हाती आहे, त्याने दुसऱ्या पक्षाला न विचारता त्यात महत्त्वाचा बदल केला, तर ते पत्रच निकामी ठरतं. मटेरियल ऑल्टरेशन हा वकिलांचा शब्दप्रयोग याच विषयातला. म्हणून चार शतकं कागद आणि ऑल्टर हे दोन शब्द एकत्र आले की कायद्याशी, हिशेबाशी संबंध असलेली माणसं ताठ बसतात. खाडाखोड झाली तर आडवी रेघ मारायची, मूळ अक्षरं दिसू द्यायची, शेजारी सही करायची, ही शिस्त तुम्हालाही लावली असेल. मेलमधल्या वाक्याला तीच शिस्त लावा : जुनं दिसू द्या, नवं लिहा, कारण लिहा.

यात एक पायरी आणखी वाईट आहे, ती सांगून ठेवते. ‘द फिगर्स वेअर ऑल्टर्ड.’ कर्ताच गायब! तुम्ही निदान ‘आय’ लिहिलंत, म्हणजे केलं ते अंगावर घेतलंत. चोर असं लिहीत नाही. साहेबांचा राग निवल्यावर हे त्यांच्याही लक्षात येईल.

उघड उघड लबाडीचे शब्द इंग्रजीत वेगळे आहेत, ते ओळखीचे असू द्या. टॅम्पर म्हणजे नको तिथे हात घालून बिघडवणं. फॉल्सिफाय म्हणजे खोटं करणं. आणि गंमत म्हणजे डॉक्टर हेही क्रियापद आहे. आकडे ‘डॉक्टर’ केले म्हणजे बरे केले असं नव्हे, सोयीने रंगवले. या तिघांपैकी एकही तुम्ही लिहिला नव्हता. तुम्ही असा शब्द लिहिलात की ज्यात वाचणाऱ्याला यांपैकी कोणताही भरता आला.

बाकीच्या ‘बदलणे’वाल्यांबद्दल थोडक्यात. मॉडिफायच्या मुळाशी माप आहे, लॅटिनमधला मोदुस. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ आवर घालणं, सौम्य करणं असाही होता. आजही तो यंत्र, आराखडा, अटी अशा ठिकाणी, मर्यादेत आणि विचारपूर्वक केलेल्या बदलाला शोभतो. ॲडजस्ट म्हणजे खुंटी पिळून सूर लावणं, थोडं इकडे, थोडं तिकडे. ॲडॅप्ट म्हणजे नव्या कामाला किंवा नव्या परिस्थितीला लायक करणं. कन्व्हर्ट म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणं. ट्रान्सफॉर्म म्हणजे रूपच पालटणं, आणि जाहिरातवाल्यांनी तो इतका झिजवला आहे की मी तो शक्यतो वापरत नाही.

तुमच्या ऑफिसात संगणकाचं काम बघणारं कोणी असेल, तर त्यांना विचारा, एसक्यूएलमध्ये ऑल्टर आणि अपडेट यांत फरक काय. डोळे मिटून सांगतील. माहितीसाठा हाताळायची ही भाषा, आणि तिच्यात ‘ऑल्टर टेबल’ ही आज्ञा तक्त्याची रचना बदलते : नवा रकाना घाल, जुना काढ, रकान्याचा प्रकार बदल. रकान्यात आधीच भरलेला आकडा बदलायचा असेल तर ‘अपडेट’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. तुम्ही एक नोंद कमी करून बेरीज नीट केलीत. त्या भाषेच्या हिशेबानेही तुमचं काम ऑल्टरचं नव्हतंच! हा युक्तिवाद साहेबांपुढे करू नका मात्र.

आता जिथे हा शब्द खरंच छान बसतो, तिकडे वळू, नाहीतर तुम्ही त्याला कायमचं घाबरून राहाल.

ऑल्टर कर्माशिवायही येतो, आणि मला तो तिथे सर्वांत आवडतो. ‘हर फेस ऑल्टर्ड.’ पत्र वाचता वाचता तिचा चेहरा पालटला. इथे ‘बदलला’ म्हटलं तर चालेल, पण ‘पालटला’मध्ये जो एका क्षणात आतून सरकलेला भाव आहे, तो नेमका ऑल्टरमध्ये आहे. चेहरा तोच, नूर वेगळा. गोष्टी-कादंबऱ्यांचं भाषांतर करताना ऑल्टर दिसला की मी आधी पालटणे लावून बघते, दहातल्या सहा वेळा तरी बसतो. ‘ऑल्टर्ड बियाँड रेकग्निशन’ म्हणजे ओळखू येऊ नये इतकं पालटलेलं. गावी वीस वर्षांनी परतलेला माणूस म्हणतो तसं.

दुसरं, ‘दॅट डझन्ट ऑल्टर द फॅक्ट.’ हे वाक्य वादात फार कामाचं. इथे शब्दाला शब्द ठेवून ‘त्याने सत्य बदलत नाही’ असं मराठी करू नका, ते भाषणासारखं वाटतं. आपण म्हणतो, ‘म्हणून काही ते खोटं ठरत नाही’ किंवा ‘त्याने काय फरक पडतो?’

दवाखान्याच्या कागदांवर ‘ऑल्टर्ड सेन्सोरियम’ असं लिहिलेलं असतं. घाबरून जाऊन कोणीतरी माणसाच्या मेंदूत काही केलं, असा अर्थ काढू नका. रुग्ण नेहमीसारखा शुद्धीवर, भानावर नाही, एवढंच. कोणी केलं हा प्रश्नच तिथे नाही. आणि पाळीव प्राण्यांच्या बाबतीत, विशेषतः अमेरिकेत, ‘ऑल्टर्ड’ म्हणजे नसबंदी केलेला. कुत्र्याच्या फॉर्मवर हा शब्द दिसला आणि तुम्ही ‘होय, गेल्या आठवड्यात केस कापले’ असं लिहिलंत, तर पुन्हा मला पत्र लिहावं लागेल.

नामाचाही एक खड्डा आहे. ऑल्टरेशन म्हणजे बदल, आणि ऑल्टरनेशन म्हणजे आलटून-पालटून येणं. मध्ये एक ‘एन’ जास्तीचा, पण अर्थ पार वेगळा. दिवस आणि रात्र यांचं असतं ते ऑल्टरनेशन.

आता तुमच्या मेलचं काय करायचं? तुम्ही गप्प बसून राहू नका, आणि तीन परिच्छेदांची माफीही मागू नका. त्याच मेलला उत्तर म्हणून, सीसीतल्या तिघांसकट, एवढंच लिहा : ‘टू क्लॅरिफाय माय अर्लियर मेल : वन एन्ट्री ऑन पेज फोर हॅड बीन काउंटेड ट्वाइस. आय हॅव करेक्टेड इट अँड रिव्हाइज्ड द टोटल्स अकॉर्डिंगली. बोथ व्हर्जन्स आर अटॅच्ड.’ पान तुमच्या अहवालातलं असेल ते घाला. पहिल्या वाक्यात चूक काय होती ते आलं, दुसऱ्यात तुम्ही काय केलं ते आलं, आणि शेवटच्या चार शब्दांत ‘लपवण्यासारखं काही नाही’ हे न म्हणता आलं. जुनी आणि नवी, दोन्ही प्रती खरोखर जोडा. त्या जोडल्या नाहीत, तर सगळं मुसळ केरात. जुना आकडा किती आणि नवा किती, हेही लिहिता आलं तर सोन्याहून पिवळं. ‘फ्रॉम’ अमुक ‘टू’ तमुक अशी रचना हिशेबाच्या पत्रात जेवढी विश्वास देते, तेवढं कोणतंही क्रियापद देत नाही.

इथे करेक्टच का, अमेंड का नको, असं विचाराल. अमेंड चालेल, पण तो ठराव, करार, विवरणपत्र अशा भारदस्त कागदांना जास्त शोभतो. दोनदा धरलेल्या एका नोंदीसाठी करेक्ट पुरे. अपडेटही नको, कारण अपडेटमध्ये जुना आकडा त्या वेळी बरोबर होता आणि आता नवी माहिती आली, असा सूर आहे. तुमचा जुना आकडा तेव्हाही चूकच होता. हा बारकावा ऑडिटरच्या लगेच लक्षात येतो.

राहिलं स्पेलिंग. तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये शेवटून दुसरं अक्षर ‘ई’ऐवजी ‘ए’ पडलं असणार. उच्चार दोन्हींचा सारखाच, पण ‘ए’वाला ऑल्टर म्हणजे वेदी, चर्चमध्ये असते ती. तो दुसऱ्याच लॅटिन शब्दाकडून आला आहे, आल्तुस म्हणजे उंच, त्याच्याशी नातं सांगणारा. ‘दुसरा’शी त्याचा संबंध नाही. म्हणजे तुम्ही तिमाही अहवालाची वेदी केलीत, आणि साहेबांची मनःस्थिती पाहता त्यावर बळी कोणाचा जाणार होता, हे सहकाऱ्याने ओळखलं असावं. संगणक ही चूक पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. नव्या मेलमध्ये मी हा शब्दच ठेवलेला नाही, त्यामुळे आज तरी ती काळजी मिटली.